क्लाउडवर गेल्याने वीज खरंच वाचते का? नाहूरच्या गाळ्यापासून ऐरोलीच्या डेटा सेंटरपर्यंतचा हिशोब

'क्लाउड' हा शब्द आपण दिवसातून दहा वेळा ऐकतो. फोटोंचा बॅकअप क्लाउडवर, कॉलेजच्या नोट्स ड्राइव्हवर, आधार आणि मार्कशीट डिजिलॉकरमध्ये. नोकरीच्या जाहिरातीतही 'क्लाउडचं ज्ञान हवं' असं लिहिलेलं असतं. आणि क्लाउड विकणाऱ्या प्रत्येक कंपनीच्या वेबसाइटवर दोन वाक्यं हमखास सापडतात: पैसे वाचतील आणि पर्यावरणही वाचेल.

पैशांचं समजू शकतो. पण पर्यावरण कसं वाचणार? क्लाउड म्हणजे काही हवेत तरंगणारी गोष्ट नाही. नाहूर स्टेशनच्या पूर्वेला गेलात की आधी ईस्टर्न एक्सप्रेस हायवे लागतो, मग मिठागरं, खारफुटी आणि ठाण्याची खाडी. खाडीच्या पलीकडे ऐरोली. मुलुंडहून पुलावरून गेलं तर काही मिनिटांचा रस्ता. ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यात खिडक्या नसलेल्या मोठमोठ्या इमारती दिसतात, त्यातल्या कित्येक डेटा सेंटर आहेत. चोवीस तास चालणारे हजारो सर्व्हर, त्यांना थंड ठेवणारी यंत्रणा, वीज गेली तर सुरू होणारे डिझेल जनरेटर. देशातल्या एकूण डेटा सेंटर क्षमतेपैकी जवळपास निम्मी मुंबई आणि नवी मुंबईत आहे.

इतकी वीज खाणारी इमारत पर्यावरणाला फायद्याची कशी? हा प्रश्न अगदी बरोबर आहे. चला, आकडे घेऊन नीट समजून घेऊया.

क्लाउड म्हणजे नेमकं काय?

सोप्या भाषेत सांगायचं तर दुसऱ्याच्या मालकीचा कॉम्प्युटर, जो आपण इंटरनेटवरून हवा तेवढा वापरतो आणि वापरू तेवढेच पैसे देतो.

नाहूर-भांडुपकरांना हे समजायला शेजारचंच उदाहरण आहे. भांडुप कॉम्प्लेक्समध्ये महापालिकेचं प्रचंड मोठं जलशुद्धीकरण केंद्र आहे. तलावांचं पाणी तिथे शुद्ध होतं आणि पाइपलाइनमधून शहरभर जातं. आता विचार करा, प्रत्येक सोसायटीने स्वतःचं शुद्धीकरण केंद्र बांधलं असतं तर? प्रत्येकाची वेगळी मशिनरी, वेगळा ऑपरेटर, वेगळा खर्च. आणि त्यातली बहुतेक मशिनरी दिवसातून दोन-तीन तास चालून बाकी वेळ पडून राहिली असती.

कॉम्प्युटरच्या बाबतीत आपण बरीच वर्षं नेमकं हेच करत होतो. प्रत्येक ऑफिसचा स्वतःचा सर्व्हर.

क्लाउडमध्ये एका ताकदवान सर्व्हरचे सॉफ्टवेअरने अनेक तुकडे केले जातात. प्रत्येक तुकड्याला व्हर्च्युअल मशीन म्हणतात. वापरणाऱ्याला वाटतं की हा माझाच वेगळा कॉम्प्युटर आहे, पण खाली लोखंडाचा डबा एकच असतो. एका इमारतीत अनेक बिऱ्हाडं, प्रत्येकाला वेगळं दार आणि वेगळं कुलूप, पण पाया, जिना आणि पाण्याची टाकी सगळ्यांची मिळून, तसं.

सगळा खेळ इथेच आहे. क्लाउडचे फायदे, मग ते पैशांचे असोत की पर्यावरणाचे, 'वाटून वापरणे' या एकाच गोष्टीतून येतात.

मुंबईने हे आधीही केलंय

शंभर वर्षांपूर्वी मुंबईतल्या कापड गिरण्यांकडे स्वतःची वाफेची इंजिनं असायची. प्रत्येक गिरणीचा वेगळा बॉयलर, वेगळा कोळसा, वेगळं धुराडं. टाटांनी १९१० मध्ये जलविद्युत कंपनी काढली आणि १९१५ मध्ये खोपोलीहून मुंबईला वीज यायला लागली. हळूहळू गिरण्यांनी वाफेची इंजिनं सोडून बाहेरून येणारी वीज घ्यायला सुरुवात केली. गिरणीमालकाचं काम कापड विणण्याचं होतं, वीज बनवणं त्याच्यासाठी जादाचं ओझं होतं.

या गोष्टीत एक बारकावा आहे, तो लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. गिरण्यांचा धूर कमी झाला त्याची कारणं दोन. एक, प्रत्येकाने वेगळं इंजिन चालवायचं बंद झालं. दोन, खोपोलीची वीज कोळशाची नव्हती, घाटावरून पडणाऱ्या पाण्याची होती. म्हणजे वाटून वापरणं आणि स्वच्छ स्रोत, दोन्ही एकत्र आले होते.

ऑफिसमधला सर्व्हर वीज कुठे घालवतो?

मुलुंड, नाहूर, भांडुपमध्ये एलबीएस मार्गाच्या दोन्ही अंगांना इंडस्ट्रियल इस्टेटी आहेत. तिथल्या एखाद्या गाळ्यातलं छोटं ऑफिस डोळ्यासमोर आणा. पंधरा माणसं, टॅलीवर हिशोब, बिलांचं सॉफ्टवेअर, सगळ्यांच्या फाइल्स एका ठिकाणी ठेवणारा एक टॉवर सर्व्हर. कोपऱ्यात यूपीएस, वर एसी.

हा सर्व्हर सकाळी दहा ते संध्याकाळी सात थोडंफार काम करतो. रात्री, रविवारी, गणपतीच्या सुट्टीत त्याला काहीच काम नसतं, पण तो बंद कोणी करत नाही. का? कारण सोमवारी सकाळी चालू झाला नाही तर काय, ही भीती.

आणि इथेच एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. रिकामा बसलेला सर्व्हर शून्य वीज घेत नाही. जुन्या सर्व्हरला तर पूर्ण कामाच्या वेळी लागणाऱ्या विजेच्या जवळपास निम्मी वीज नुसतं जागं राहायला लागू शकते. रिक्षा सिग्नलला उभी असली तरी इंजिन चालू असेल तर गॅस जळतोच ना, तसं.

अमेरिकेतल्या एनआरडीसी या पर्यावरण संस्थेने २०१४ मध्ये मांडलं होतं की साधारण सर्व्हर आपल्या क्षमतेच्या फक्त १२ ते १८ टक्केच वापरला जातो. २०१५ मध्ये जोनाथन कूमी आणि जॉन टेलर यांनी तपासलेल्या सर्व्हरपैकी सुमारे ३० टक्के सर्व्हरनी सहा महिन्यांत काहीही उपयोगी काम केलं नव्हतं. चालू मात्र होते. अशा सर्व्हरला आमच्या क्षेत्रात 'झोंबी सर्व्हर' म्हणतात.

आता प्रत्यक्ष हिशोब करू

खालचे आकडे मी उदाहरणासाठी धरलेत. तुमच्या ऑफिसचे वेगळे असतील, पण पद्धत हीच.

समजा सर्व्हर सरासरी १५० वॅट घेतो. यूपीएसमध्ये वाया जाणारी वीज आणि नेटवर्कचा स्विच मिळून ५० वॅट. खास सर्व्हरसाठी रात्रंदिवस चालणाऱ्या एसीचा वाटा सरासरी २०० वॅट. एकूण ४०० वॅट.

दिवसाला ९.६ युनिट. वर्षाला सुमारे ३,५०० युनिट. युनिटला १२ रुपये धरले तर वर्षाचे ४२,००० रुपये, म्हणजे महिन्याला साडेतीन हजार. फक्त विजेचे! सर्व्हरची किंमत, यूपीएसच्या बॅटऱ्या, दुरुस्तीला येणाऱ्या माणसाचे पैसे वेगळे.

भारताच्या ग्रिडमधली एक युनिट वीज बनवताना सरासरी ०.७ किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, कारण आपली बहुतेक वीज अजून कोळशाची आहे. म्हणजे या एका कोपऱ्यातल्या डब्यामुळे वर्षाला जवळपास अडीच टन.

आता तेच काम क्लाउडवर. समजा ५०० वॅटच्या मोठ्या सर्व्हरवर आपल्यासारखे ४० ग्राहक आहेत. आपला वाटा १२.५ वॅट. डेटा सेंटरच्या कूलिंगसाठी वर निम्मी वीज अजून धरू. झाले साधारण १९ वॅट. वर्षाला १६५ युनिटच्या आसपास.

'४० ग्राहक जरा जास्तच धरलेस,' असं वाटत असेल तर १० धरा. तरी ७५ वॅट होतात, म्हणजे वर्षाला साधारण ६६० युनिट. आधीच्या पाचव्या भागापेक्षाही कमी.

अर्थात, ऑफिसमधला राउटर आणि माणसांसाठीचा एसी चालूच राहणार, तो खर्च दोन्हीकडे आहे. आणि तुमच्या सर्व्हरला वेगळा एसी नसेल तर बचत कमी होईल. म्हणून डोळे झाकून 'क्लाउड म्हणजे बचत' म्हणू नका. आपला आकडा आपण काढा.

मोठ्या डेटा सेंटरला हे कसं जमतं?

पहिलं कारण वर आलंच, वाटून वापरणं. सीएचं ऑफिस दिवसा सर्व्हर वापरतं, व्हिडिओ ॲप रात्री. दोघं एकाच यंत्रणेवर असले की मशीन रिकामं बसत नाही.

दुसरं कारण कूलिंग. डेटा सेंटरची कार्यक्षमता मोजायला पीयूई नावाचा आकडा वापरतात. इमारतीने घेतलेली एकूण वीज भागिले फक्त कॉम्प्युटरनी वापरलेली वीज. उत्तर १ आलं तर सगळी वीज कामाला लागली. २ आलं तर कामाच्या एका युनिटमागे एक अख्खं युनिट एसी वगैरेमध्ये गेलं. आपल्या वरच्या गाळ्याचा हिशोब केला तर ४०० भागिले १५०, म्हणजे २.७ च्या आसपास! अपटाइम इन्स्टिट्यूटच्या पाहणीत जगभरातल्या डेटा सेंटरची सरासरी गेली काही वर्षं १.५ ते १.६ च्या दरम्यान आहे. गूगलने आपल्या डेटा सेंटरची २०२४ ची सरासरी १.०९ सांगितली आहे. अर्थात मुंबईची दमट हवा वर्षभर थंडी असलेल्या फिनलंडसारखी नाही. इथे बाहेरची हवा आत घेऊन थंडावा मिळत नाही, त्यामुळे इथे तो आकडा गाठणं कठीण आहे.

तिसरं कारण नवं हार्डवेअर. छोटं ऑफिस एक सर्व्हर सात-आठ वर्षं ओढतं. मोठ्या कंपन्यांचं विजेचं बिलच इतकं असतं की कमी विजेत जास्त काम करणारी चिप बाजारात आली की ती घेणं त्यांना परवडतं.

हे सगळं मिळून किती फरक पडतो? २०१३ मध्ये अमेरिकेच्या लॉरेन्स बर्कले राष्ट्रीय प्रयोगशाळेने अभ्यास केला. अमेरिकेतल्या सगळ्या कंपन्यांनी ईमेल, ऑफिसची कागदपत्रं आणि ग्राहकांच्या नोंदी ठेवणारी सॉफ्टवेअर्स क्लाउडवर नेली, तर त्या सॉफ्टवेअर्ससाठी लागणारी ऊर्जा ८७ टक्क्यांपर्यंत कमी होऊ शकते, असं त्यात निघालं. मात्र या अभ्यासाला गूगलचा निधी होता, हेही सांगायला हवं. २०२० मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आलेल्या शोधनिबंधातला आकडा आणखी बोलका आहे. २०१० ते २०१८ या काळात जगातल्या डेटा सेंटरचं काम सुमारे साडेपाचशे टक्क्यांनी वाढलं, पण वीज वाढली फक्त ६ टक्के. याचं मोठं श्रेय छोट्या सर्व्हर रूम्समधून मोठ्या क्लाउडकडे जाण्याला होतं.

धंद्याला काय फायदा?

पहिला फायदा, एकदम मोठी रक्कम गुंतवावी लागत नाही. सर्व्हर विकत घेताना पुढच्या पाच वर्षांचा अंदाज बांधून मोठाच घ्यावा लागतो. क्लाउडवर आज लहान घ्या, धंदा वाढला की वाढवा. नवीन काही सुरू करणाऱ्यांसाठी हा फार मोठा फरक आहे. कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला असलेली तीन मुलं भांडुपच्या चाळीतून ॲप सुरू करू शकतात, ती याच्यामुळेच.

दुसरा फायदा, अचानक येणारी गर्दी झेलता येते. १० जुलै २०१९ आठवा. वर्ल्ड कपची सेमीफायनल, भारत विरुद्ध न्यूझीलंड. हॉटस्टारवर एकाच वेळी २ कोटी ५३ लाख लोक मॅच बघत होते. धोनी रनआउट झाला आणि आकडा धाडकन खाली आला. १९ नोव्हेंबर २०२३ च्या फायनलला हाच आकडा ५ कोटी ९० लाखांवर गेला. एवढ्या गर्दीसाठी स्वतःचे सर्व्हर विकत घेतले असते तर उरलेलं वर्षभर त्यातले बहुतेक धूळ खात, वीज खात पडले असते. क्लाउडवर मॅचपुरते सर्व्हर घ्यायचे आणि मॅच संपली की परत करायचे. बघा, इथे पैशांचा आणि पर्यावरणाचा फायदा एकच आहे.

तिसरा फायदा, संकटात डेटा वाचतो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. तळमजल्यावरचा सर्व्हर आणि त्याच कपाटात ठेवलेला त्याचा बॅकअप, दोन्ही एकाच पाण्यात जाऊ शकतात. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी दहाच्या सुमारास मुंबई महानगराची वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या. अशा वेळी ऑफिसचा यूपीएस किती वेळ टिकणार? डेटा सेंटरमध्ये बॅटऱ्या आणि जनरेटर असतात, आणि तुम्ही निवडलंत तर डेटाची दुसरी प्रत वेगळ्या शहरातही ठेवता येते. पण नीट वाचा, 'तुम्ही निवडलंत तर'. ती आपोआप ठेवली जाईलच असं नाही, त्याचे पैसे वेगळे असतात.

चौथी गोष्ट, आता हे सगळं आपल्या दारात आहे. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये भारतात क्लाउडची केंद्रं सुरू केली, त्यात पुणे आणि मुंबई होतं. ॲमेझॉनने २०१६ मध्ये आणि गूगलने २०१७ मध्ये मुंबईपासून सुरुवात केली. समुद्राखालून येणाऱ्या इंटरनेटच्या केबल्स मुंबईच्या किनाऱ्याला लागतात, बँका आणि शेअर बाजार इथेच आहेत, हे त्यामागचं कारण. २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने पेमेंटचा डेटा भारतातच ठेवण्याचा आदेश दिला, त्यामुळे ही गरज आणखी वाढली. सरकारही मागे नाही. केंद्र सरकारच्या क्लाउडचं नावच 'मेघराज' आहे आणि महाराष्ट्राने जानेवारी २०१८ मध्ये सरकारी विभागांसाठी सार्वजनिक क्लाउडचं धोरण जाहीर केलं.

क्लाउड महाग कधी पडतो?

प्रत्येकाने क्लाउडवर गेलंच पाहिजे असं अजिबात नाही. रोज पुण्याला जाणारा माणूस ओला करून जात नाही, स्वतःची गाडी किंवा रेल्वेचा पास काढतो. तसंच आहे. काम वर्षभर एकसारखं आणि भरपूर असेल तर स्वतःचा सर्व्हर स्वस्त पडू शकतो. बेसकॅम्प बनवणाऱ्या ३७सिग्नल्स या कंपनीने २०२२ मध्ये जाहीर केलं की आम्ही क्लाउड सोडून स्वतःच्या सर्व्हरवर परत जातोय, आणि पुढे त्यात मोठी बचत झाल्याचंही सांगितलं.

डेटा आत टाकायला सहसा पैसे पडत नाहीत, पण बाहेर काढायला पडतात. त्यामुळे एक कंपनी सोडून दुसरीकडे जाणं वाटतं तितकं सोपं नसतं. इंटरनेट गेलं की काम थांबतं. आणि सगळे एकाच ठिकाणी असले की एकाच वेळी सगळे अडकतात. २० ऑक्टोबर २०२५ ला ॲमेझॉनच्या अमेरिकेतल्या एका केंद्रात बिघाड झाला आणि स्नॅपचॅटसह जगभरातल्या कितीतरी सेवा बंद पडल्या.

आता खाडीपलीकडची दुसरी बाजू

आता खोपोलीची गोष्ट परत आठवा. फायद्याचे दोन भाग होते: वाटून वापरणं आणि स्वच्छ स्रोत. क्लाउडने पहिला भाग साधलाय. दुसरा अजून पूर्ण झालेला नाही.

ऐरोलीच्या डेटा सेंटरला येणारी वीज त्याच ग्रिडमधून येते जिथून आपल्या घरी येते. मुंबईत चेंबूर-माहुलजवळ ट्रॉम्बेला कोळशावर चालणारी वीजनिर्मिती अजून आहे. डेटा सेंटरची मागणी वाढते तशी 'कोळशाचे संच बंद करूया' म्हणणं कठीण होत जातं, आणि धूर माहुलच्या लोकांच्या वाट्याला येतो. बाहेरची वीज शहरात आणणाऱ्या वाहिन्यांनाही मर्यादा आहेत. २०२० च्या ब्लॅकआउटने ते दाखवून दिलं. २०२३ मध्ये खारघर ते विक्रोळी ४०० केव्हीची नवीन वाहिनी सुरू झाली, त्याने थोडा दिलासा मिळाला. अशा वाहिन्या वाढल्या तरच सौर आणि पवन ऊर्जा बाहेरून मुंबईत येऊ शकते.

काही डेटा सेंटर कंपन्या सौर आणि पवन ऊर्जेचे करार करतात, ते चांगलंच आहे. पण 'वर्षाला जितकी वीज वापरली तितकी सौर वीज विकत घेतली' आणि 'रात्री दोन वाजता सर्व्हर खरोखर स्वच्छ विजेवर चालला' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कंपनी कोणती गोष्ट सांगतेय ते बघायला शिका.

शिवाय एआय आलं. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या २०२५ च्या अहवालानुसार २०२४ मध्ये जगातल्या डेटा सेंटरनी ४१५ टेरावॅट-तास वीज वापरली, म्हणजे जगाच्या एकूण वापराच्या साधारण दीड टक्का. २०३० पर्यंत हा आकडा ९४५ वर जाण्याचा अंदाज आहे. गूगलने स्वतःच सांगितलं की २०१९ ते २०२३ मध्ये त्यांचं कार्बन उत्सर्जन ४८ टक्क्यांनी वाढलं, आणि त्याचं एक मोठं कारण डेटा सेंटर. म्हणजे २०१८ पर्यंतचं 'काम वाढलं, वीज नाही' हे चित्र आता बदलतंय.

यामागे जुनं अर्थशास्त्र आहे. १८६५ मध्ये विल्यम जेव्हन्स या इंग्रज अर्थतज्ज्ञाने लिहिलं होतं की वाफेची इंजिनं सुधारल्यावर इंग्लंडमध्ये कोळसा कमी नाही, उलट जास्त लागायला लागला. कारण स्वस्त झालं की लोक जास्त वापरतात. क्लाउडचं तेच. एक सर्व्हर घ्यायला पूर्वी साहेबांची सही आणि महिनाभर वेळ लागायचा, आता पाच क्लिक पुरतात. मग पाचाच्या जागी पंधरा सुरू होतात आणि बंद करायची आठवण कोणाला राहत नाही.

मग आपण काय करायचं?

तुम्ही नुकतेच नोकरीला लागलात किंवा तुमच्या काकांच्या गाळ्यातली कॉम्प्युटरची कामं तुमच्याकडे आली असतील, तर हे करा.

१. आधी मोजा. सर्व्हरच्या प्लगला वीज मोजणारं मीटर लावा, आठवडाभराचे युनिट बघा. अंदाजाने निर्णय घेऊ नका.

२. आहे तसं उचलून नेऊ नका. ऑफिसमध्ये मोठा सर्व्हर होता म्हणून क्लाउडवरही तेवढाच मोठा घेतला तर बिल मोठं येईल आणि मशीन तिथेही रिकामंच बसेल. लहान घ्या, महिनाभर वापर बघा, मग ठरवा. तयार सेवा पुरत असेल तर वेगळा सर्व्हर घेऊच नका.

३. रात्री बंद करा. टेस्टिंगचा सर्व्हर आठवड्याच्या १६८ तासांपैकी फक्त कामाचे ५० तास चालू ठेवला तर ७० टक्के तास वाचतात. बंद-चालू करण्याची वेळ आपोआप ठरवता येते. तुम्ही सोडलेली जागा दुसऱ्याला मिळते, म्हणजे कंपनीला नवीन मशीन उभं करावं लागत नाही.

४. जुना सर्व्हर खरोखर बंद करा. 'असू दे, कधी लागला तर' म्हणून तो चालूच ठेवला तर वीज वाचली नाही, उलट वाढली. डेटा पुसा आणि मान्यताप्राप्त ई-कचरा केंद्राला द्या. ओळखीच्या भंगारवाल्याला देऊ नका.

५. बॅकअप परत आणून बघा. बॅकअप आहे हे कळणं पुरेसं नाही. तीन महिन्यांतून एकदा एखादी फाइल खरंच परत मिळते का ते तपासा.

६. विचारा. डेटा कुठल्या शहरात आहे? दुसरी प्रत कुठे? वीज कुठून येते? सोडून जायचं ठरवलं तर डेटा काढायला किती पैसे? मोठ्या कंपन्या ग्राहकाला त्याच्या वापराचा कार्बन रिपोर्टही दाखवतात, तो उघडून बघा.

आणि फक्त फोन वापरत असाल तर? खरं सांगायचं तर, चार जुने ईमेल डिलीट केल्याने पृथ्वी वाचणार नाही. 'गुड मॉर्निंग'चे फोटो बॅकअपमधून काढलेत तर स्टोरेजचे पैसे वाचतील, पण विजेचा फरक अगदी किरकोळ. फोनच्या बाबतीत सगळ्यात मोठा वाटा तो बनवण्यात जाणाऱ्या ऊर्जेचा असतो. म्हणून दर वर्षी नवा घेण्यापेक्षा आहे तो दोन वर्षं जास्त वापरणं, बॅटरी बदलून घेणं, याचा उपयोग कितीतरी जास्त. यातही क्लाउड मदत करतो. स्टोरेज भरलं एवढ्याच कारणासाठी फोन बदलत असाल तर आधी फोटो क्लाउडवर हलवा, फोन आणखी चालेल.

थोडक्यात सांगायचं तर...

क्लाउडवर गेल्याने वीज वाचते, पण ती 'क्लाउड' या शब्दामुळे नाही. एक मशीन अनेकांनी वाटून वापरलं म्हणून वाचते. आपण न लागणारं बंद केलं तर आणखी वाचते. आणि डेटा सेंटरला येणारी वीज स्वच्छ झाली तर धूरही कमी होतो. यातलं पहिलं काम क्लाउड कंपन्यांनी केलंय. तिसरं त्यांच्याकडून आणि सरकारकडून मागून घ्यावं लागेल, आणि ग्राहक विचारायला लागले की मगच ते वेगाने होईल. मधलं काम मात्र पूर्णपणे आपल्या हातात आहे.

ठाण्याच्या खाडीला २०२२ मध्ये रामसर पाणथळ म्हणून आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला. हिवाळ्यात भांडुपच्या बाजूने फ्लेमिंगो बघायला गेलात तर पाण्यापलीकडे नवी मुंबईच्या इमारती दिसतील. तुमचे फोटो, तुमच्या ऑफिसचे हिशोब अशाच कुठल्यातरी इमारतीत असू शकतात. पुढच्या वेळी कोणी 'आम्ही क्लाउडवर गेलो, पर्यावरण वाचलं' म्हणालं, तर त्यांना एकच प्रश्न विचारा: 'आणि जुना सर्व्हर बंद केलात का?'